छत दुरुस्त करावे की बदलावे? आधी सांगाडा तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घर साधारण तीस वर्षांचे आहे. पुढच्या भागावर स्लॅब, मागच्या जुन्या भागावर लाकडी वाशांवर कौले आणि बाजूला पत्र्याची पडवी. स्लॅबखालच्या दोन खोल्यांत ओल उतरते आणि एका ठिकाणी गिलावा पडून सळई उघडी पडली आहे. तिघांना बोलावून दाखवले. एकाने वर नवा कोबा, म्हणजे पाणी अडवणारा विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर, टाकायला सांगितले, दुसऱ्याने गच्चीवर पत्र्याची शेड सुचवली, तिसरा म्हणतो स्लॅबच पाडा. कौले काढून पत्रे घालावेत का, हेही तुम्ही विचारले आहे.

या तिघांनी तीन वेगवेगळ्या दोषांवरचे उपाय सांगितले आहेत. तुमच्या छतात त्यांपैकी कोणता दोष आहे, हे मात्र कुणी पाहिल्याचे तुमच्या लिहिण्यात येत नाही. कुणी हातोडीने छत ठोकले का? उघड्या सळईची जाडी मोजली का? गच्चीवर पाणी कुठे साचते ते विचारले का? हे झाल्याशिवाय ‘दुरुस्त की बदल’ याचे उत्तर देणारा माणूस अंदाजाने बोलतो आहे, आणि तो अंदाज तुमच्या खर्चाने तपासला जाणार आहे.

छताचा विचार छत्रीसारखा करा. कापड फाटले तर छत्री गळते, पण काड्या शाबूत असतील तर नवे कापड लावता येते. काड्या मोडल्या असतील तर कापड कितीही चांगले असो, उपयोग नाही. छताचेही कापड आणि काड्या वेगळ्या असतात. पाणी अडवणारा वरचा थर एक आणि वजन पेलणारा सांगाडा दुसरा. स्लॅबच्या बाबतीत वरचा वॉटरप्रूफिंगचा थर आणि खालचे काँक्रीट-सळया. कौलारूत कौले आणि आढे-वासे-रिपा. पत्र्यात पत्रे-स्क्रू आणि कैच्या-पर्लिन (पर्लिन म्हणजे पत्रे ज्यावर बसतात ते आडवे दांडे). शिवाय तिसरी एक गोष्ट आहे जिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते: उतार, पन्हळ आणि पाण्याचे पाइप, म्हणजे पाणी वाहून नेणारी व्यवस्था. गळती किती होते यावरून बदलायचे की नाही हे ठरत नाही. भरपूर गळणारे छत नुसत्या एका तुंबलेल्या पाइपामुळे गळत असू शकते आणि थेंबही न गळणारा स्लॅब आतून सडलेला असू शकतो.

पाणी येते कुठून

पहिला प्रश्न मी घरमालकाला हाच विचारतो: दरवर्षी त्याच जागी गळते, की दरवर्षी नवी जागा दिसते? पुन्हा पुन्हा त्याच जागी गळत असेल तर छत ‘संपलेले’ नसते. आधीच्या दुरुस्त्यांचे निदान चुकलेले असते. पाणी एकीकडून शिरते, स्लॅबमधल्या भेगेतून किंवा विजेच्या पाइपातून सरकत जाते आणि भलतीकडे टपकते. पंख्याच्या हुकापाशी किंवा दिव्याच्या डबीतून थेंब पडतात तेव्हा जवळजवळ नेहमीच हे होते, कारण स्लॅबमध्ये पुरलेला वायरिंगचा पाइप पाण्याला आयती वाट देतो. अशा वेळी त्या खोलीचा वीजपुरवठा आधी बंद करा, निदान नंतर. उलट, एका वर्षी ईशान्य कोपरा, पुढच्या वर्षी मधोमध, मग जिन्यापाशी असे होत असेल, तर वरचा थर सगळीकडेच थकला आहे. मग ठिगळे लावत बसण्यात अर्थ नाही. तो थर पूर्ण काढून नवा करायची वेळ आली आहे.

वेळ पाहा. पाऊस सुरू झाल्यावर काही मिनिटांत थेंब येत असेल तर भोक किंवा उघडी भेग आहे. पाऊस थांबल्यावर एक-दोन दिवसांनी ओल वाढत असेल तर पाणी कोब्यात मुरून साठले आहे आणि तिथून हळूहळू खाली झिरपते आहे. फक्त वारा एका बाजूचा असताना ओल येत असेल तर छताला दोष देऊ नका. कठड्याची भिंत, तिच्या माथ्यावरची भेग किंवा खिडकीवरचा छज्जा तपासा. कोरड्या दिवसांतही डाग ओला राहतो? मग वरच्या टाकीचा किंवा नळाचा पाइप गळतो आहे. थंडीत पत्र्याच्या आतून पहाटे पाणी ठिबकत असेल तर ती वाफ थंड पत्र्यावर जमलेली असते. तिथे गरज हवा खेळती राहण्याची आणि पत्र्याखाली उष्णतारोधक थराची असते.

सपाट छताची खात्री करायची जुनी पद्धत अजूनही सर्वांत भरवशाची आहे. पाइपांची तोंडे बंद करून गच्चीवर २५ मिलिमीटर पाणी एक-दोन दिवस उभे ठेवायचे आणि खालून पाहायचे. गच्ची मोठी असेल तर विटा-सिमेंटचे छोटे बांध घालून भाग पाडा, म्हणजे कोणता भाग गळतो ते कळेल. पण ज्या स्लॅबच्या सळया उघड्या आहेत त्यावर ही चाचणी आधी करू नका. दर २५ मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला २५ किलो वजन. उतरत्या छतावर नळीने पाणी मारताना सुरुवात खालून करा आणि प्रत्येक टप्प्यावर अर्धा तास थांबून वर सरका. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळते आणि काहीच कळत नाही.

स्लॅब: खरा निर्णय इथे आहे

तुमच्या घरात मला काळजी वाटते ती त्या उघड्या सळईची. तिच्यामागचे कारण समजले तर पुढचे निर्णय सोपे होतात.

ताज्या काँक्रीटचा पीएच साधारण १२.५ ते १३ असतो. इतक्या अल्कधर्मी वातावरणात लोखंडावर एक अतिपातळ संरक्षक थर तयार होतो आणि सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे काँक्रीटमध्ये शिरतो आणि पीएच ९ च्या खाली आणतो. ही प्रक्रिया पृष्ठभागाकडून आत सरकते. स्लॅबमध्ये सळईखालचे काँक्रीटचे आवरण १५ ते २० मिलिमीटर असायला हवे. पुष्कळ घरांत ते जेमतेम ५ ते १० मिलिमीटर सापडते, कारण काँक्रीट ओतताना सळईखाली ठोकळे ठेवलेले नसतात. तिथे संरक्षण लवकर संपते. मग वरून झिरपणारे पाणी आणि हवा मिळाली की गंज सुरू. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो. त्या दाबाने खालचे काँक्रीट फुटते, आधी सळईच्या रेषेत भेग पडते, नंतर खपली सुटते.

म्हणून भेगेचा आकार वाचायला शिका. जाळीसारख्या, वेड्यावाकड्या केसाएवढ्या भेगा बहुधा गिलाव्याच्या असतात. सरळ, एकमेकींना समांतर, ठरावीक अंतरावरच्या आणि तांबूस डाग असलेल्या भेगा म्हणजे आत सळया गंजत आहेत. मग हलकी हातोडी किंवा लाकडी दांडा घेऊन स्लॅब खालून सगळीकडे ठोका, डोळ्यांवर चष्मा आणि डोक्यावर हेल्मेट घालून. घट्ट काँक्रीटचा आवाज खणखणीत येतो, सुटलेल्याचा पोकळ. पोकळ आवाजाच्या भागाला खडूने रिंगण करा आणि फोटो काढा. आवाज नुसत्या गिलाव्याच्या पोकळीचाही असतो, म्हणून दोन-तीन ठिकाणी गिलावा काढून खात्री करावी लागते. हे काम अर्ध्या दिवसाचे आहे, आणि दुरुस्तीचा कोणताही अंदाज या खडूच्या नकाशाशिवाय मी स्वीकारणार नाही.

सळईचे गणित लोक हलके घेतात. ८ मिलिमीटरची सळई गंज खरवडल्यावर ७ मिलिमीटर उरली तर डोळ्यांना फरक जाणवत नाही, पण ताकद क्षेत्रफळावर, म्हणजे व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते. ४९ भागिले ६४. म्हणजे जवळपास २३ टक्के लोखंड गेले. ६ मिलिमीटर उरली तर ४४ टक्के गेले. म्हणून ‘सळई दिसते, पण अजून जाड आहे’ या वाक्यावर विश्वास ठेवू नका. गंज घासून काढून व्हर्नियर कॅलिपरने मोजा.

यानंतर चाचण्या. काँक्रीटचा ताजा तुकडा फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण फवारतात. जिथे अल्कधर्म शिल्लक आहे तो भाग गडद गुलाबी होतो, जिथे संपला तो रंगहीन राहतो. रंगहीन पट्टा सळईपर्यंत पोचला आहे का, एवढेच पाहायचे. काँक्रीटचा भुगा प्रयोगशाळेत देऊन क्लोराइड, म्हणजे सळई गंजवणारा मिठाचा अंश, तपासणे तितकेच गरजेचे, विशेषतः समुद्राजवळच्या घरांत आणि जिथे बांधकामाला खारे पाणी किंवा न धुतलेली वाळू वापरली असेल तिथे. क्लोराइड सिमेंटच्या वजनाच्या सुमारे ०.४ टक्क्यांच्या पुढे गेले की धोका ठळक होतो. रिबाउंड हॅमर म्हणजे स्प्रिंगचा हातोडा लावून काढलेले आकडे अहवालात नेहमी दिसतात. एकट्या त्या आकड्यांवर जाऊ नका. कार्बन डायऑक्साइडने बदललेला पृष्ठभाग कडक होतो आणि हातोडा प्रत्यक्षापेक्षा जास्त ताकद दाखवतो. शंका असेल तर कोअर, म्हणजे काँक्रीटचा नळकांड्यासारखा तुकडा, काढून दाब-चाचणी करणे हाच मार्ग.

क्लोराइडचा मुद्दा मी इतका लावून धरतो, कारण दुरुस्ती टिकणार की नाही हे तिथे ठरते. क्लोराइडने भिनलेल्या स्लॅबमध्ये एक खपली छान दुरुस्त केली की त्या ठिगळातली सळई सुरक्षित होते, पण ठिगळाच्या कडेलगतची सळई विद्युत-रासायनिक क्रियेमुळे आधीपेक्षा वेगाने गंजू लागते. दोन-चार वर्षांत जुन्या ठिगळाभोवती नवी खपली सुटते. कारागिराचा हात वाईट नसतो. त्या काँक्रीटमध्ये ठिगळ टिकणारच नसते. असा स्लॅब बदलण्याचा विचार मी लवकर करायला सांगतो. नुसत्या कार्बन डायऑक्साइडमुळे गंजलेल्या, पण क्लोराइडमुक्त स्लॅबची दुरुस्ती मात्र नीट केली तर पुष्कळ वर्षे टिकते.

नीट म्हणजे कशी, हेही सांगतो, कारण इथेच सर्वांत जास्त फसवणूक होते. आधी खालून आधार, म्हणजे टेकू. मग सुटलेले काँक्रीट सळईच्या मागे बोट जाईल इतके, साधारण २० ते २५ मिलिमीटर, फोडायचे. सळईची मागची बाजू तशीच गंजकी ठेवली तर सगळे काम वाया. लोखंड चकचकीत होईपर्यंत साफ करायचे, व्यास मोजायचा, जिथे घट जास्त तिथे जोडसळई पुरेशा लांबीच्या जोडासह घालायची. गंजरोधक लेप, जुन्या-नव्याला बांधणारा लेप, मग पॉलिमरयुक्त मसाला पातळ थरांत किंवा जाडी जास्त असेल तर मायक्रोकाँक्रीट, म्हणजे बारीक खडीचे ओतता येणारे काँक्रीट. आणि पाणी मारून क्युरिंग. सळईवर नुसता सिमेंटचा गिलावा थापून रंग काढणारा माणूस तुमचा दोष झाकतो आहे, आणि झाकलेला दोष पुढच्या वेळी डोक्यावर पडतो.

माझा ढोबळ नियम असा. पोकळ भाग एकूण छताच्या पाव भागापर्यंत आहे, सळयांची घट २० टक्क्यांच्या आत आहे आणि क्लोराइड कमी आहे, तर दुरुस्त करा, पाडायची घाई नको. पोकळ भाग एक तृतीयांशाच्या पुढे गेला आणि मुख्य सळया बऱ्याच ठिकाणी निम्म्यावर आल्या, तर त्या खोलीचा स्लॅब बदला. मधल्या अवस्थेत स्ट्रक्चरल इंजिनिअरने आकडेमोड करून सांगायला हवे. बदलायचा म्हणजे अख्ख्या घराचा असेही नाही. तुळया आणि भिंती चांगल्या असतील तर एकाच खोलीचा भाग काढून नवा घालता येतो. पण स्लॅब भिंतींना आणि खांबांना बाजूने धरूनही ठेवतो, त्यामुळे तो काढताना आधाराची योजना कागदावर हवी. ठेकेदाराच्या अनुभवावर हे सोडू नका.

काही लक्षणांत चर्चा नको. स्लॅबचा झोळ वाढतो आहे, दारे अचानक अडकू लागली, काँक्रीटचे तुकडे पडू लागले, भेगेच्या टोकाला पेन्सिलने खूण करून तारीख घातली होती आणि भेग तिच्या पुढे सरकली. अशा वेळी खोली रिकामी करून टेकू लावा. झोळ दोरी ताणून मोजता येतो. दोन आधारांत ३ मीटर अंतर असलेल्या स्लॅबला १२ मिलिमीटरपर्यंतची वाक नियमात बसते. जुन्या स्लॅबला बांधतानाच झोळ आलेला असू शकतो, म्हणून एका मोजणीपेक्षा दोन मोजण्यांतला फरक महत्त्वाचा. बाल्कनी आणि छज्जांबद्दल जास्त सावध राहा. त्यांची मुख्य सळई वरच्या बाजूला असते. वरून पाणी मुरून ती गंजते, खालून काहीच दिसत नाही, आणि ते कोसळताना आधी सूचना मिळेलच असे नाही. गच्चीचा जुना कोबा फोडायला मोठे ब्रेकर लावले तर याच वरच्या सळया जखमी होतात.

कोब्यावर कोबा, आणि शेड

आता पहिल्या ठेकेदाराचा सल्ला. जुन्या कोब्यावर नवा कोबा. मी याला स्पष्ट नाही म्हणतो. १०० मिलिमीटर विटांच्या तुकड्यांचा कोबा म्हणजे चौरस मीटरला साधारण २०० किलो. घरगुती गच्चीचा स्लॅब माणसांच्या वावरासाठी साधारण १५० ते २०० किलो धरूनच आखलेला असतो. म्हणजे एकाच थरात तुम्ही ती सगळी राखीव क्षमता कायमची खाऊन टाकता. ३ बाय ४ मीटरच्या खोलीवर ते अडीच टनांच्या आसपास ओझे, तेही गंजलेल्या सळयांवर. शिवाय जुना कोबा पाणी पिऊन बसलेला असतो. त्यावर झाकण घातले की ते पाणी खालीच उतरते. गच्चीची पातळी वर येऊन जिन्याच्या दाराचा उंबरा बुडतो आणि पाइपाची तोंडे खड्ड्यात जातात. आधी जुने काढा, मग नवे घाला. ‘तुम्ही टाकण्याआधी काढणार काय?’ हा प्रश्न प्रत्येक ठेकेदाराला विचारा.

स्लॅब ठीक निघाला तर वरचा थर कोणताही निवडा, बिटुमेनची पट्टी, पॉलियुरेथेनचा लेप किंवा हलका कोबा. यशापयश ठरते ते तीन जागांवर. पहिली उतार: किमान १०० ला १, जमल्यास ८० ला १. पावसानंतर दोन दिवसांनी जिथे डबके उरते तिथे खडूने रेघ ओढा. तो उतार आधी दुरुस्त व्हायला हवा. दुसरी गच्ची आणि कठड्याचा सांधा: तिथे काटकोन न ठेवता गोलाई काढून थर भिंतीवर किमान १५० मिलिमीटर, शक्यतो ३०० मिलिमीटर चढवावा. तिसरी पाइपाचे तोंड, जिथे थर आत वळवून उतरवला पाहिजे. सपाट मधल्या भागात क्वचितच गळते, गळते ते या कडांना. आणि हे काम कोरड्या दिवसांतच करा. प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आत दव दिसले तर पृष्ठभाग अजून ओला आहे, त्यावर लावलेली पट्टी फुगून सुटेल.

शेडला माझा सरसकट विरोध नाही. ती ऊन आणि पाऊस दोन्ही अडवते, खालचा स्लॅब कोरडा होतो, आणि ओलावा कमी झाला की गंजही मंदावतो. पण मंदावतो म्हणजे थांबतोच असे नाही, आणि क्लोराइड असेल तर थोड्या दमटपणावरही तो चालू राहतो. शेड घातल्यावर खालची खपली कुणी बघत नाही, हा खरा धोका. शेडच्या खांबांच्या बोल्टसाठी गच्चीला पाडलेली भोके नव्या गळतीचे मूळ होतात. खांब स्लॅबच्या मधोमध नको, तुळईवर किंवा भिंतीवर हवेत, आणि वाऱ्याने उचलू नये म्हणून त्यांना पक्के बांधावे लागते. बांधकाम परवानगी लागते का तेही पाहा. सळयांची दुरुस्ती करून मग शेड घालत असाल तर चालेल. दुरुस्तीऐवजी शेड मात्र नको.

कौलारू भाग

इथे लोक उलटी चूक करतात. कौले काळी पडली, शेवाळ आले, म्हणजे छत गेले असे समजतात. भाजलेले मातीचे कौल पिढ्यानपिढ्या टिकते. आधी जातात ती लाकडे. घरापासून लांब उभे राहून आढ्याची रेघ पाहा. ती सरळ असेल तर निम्मी काळजी मिटली. मधे बसली असेल तर आढे किंवा खालची तुळई वाकली आहे. मग माळ्यावर चढून टोच्या घ्या आणि वाशांची टोके तपासा, विशेषतः वळचणीची आणि भिंतीत गेलेली, कारण कुजणे तिथून सुरू होते. टोच्या लोण्यासारखा आत गेला किंवा ठोकल्यावर भुसा पडला तर तो वासा बदलायचा. दिवसा माळ्यावर अंधार करून पाहिले की उजेडाच्या तिरिपांवरून सरकलेली कौले कळतात.

वासे चांगले असतील तर शाकारणी पुरे: कौले उतरवून, फुटकी निवडून, रिपा बदलून, पुन्हा रचणे. ठोकल्यावर खणखणीत वाजणारी कौले परत वापरा. आढ्यावरच्या कोनांचा, म्हणजे माथ्याच्या कौलांचा, चुना-सिमेंट उकलला असेल तर तो नवा करा. चार-सहा वासे खराब आहेत म्हणून अख्खे छत उतरवायची गरज नाही. तुळया आणि आढे दोन्ही वाळवीने पोखरले असतील तर मात्र सांगाडाच नवा करा.

कौले काढून पत्रे घालायच्या विचाराबद्दल: कौलांचे वजन चौरस मीटरला साधारण ४० ते ६० किलो, पातळ पोलादी पत्र्याचे जेमतेम ५. वजन कमी होणे जुन्या भिंतींना चांगले, पण आजवर तुमचे छत स्वतःच्या वजनाने जागेवर बसलेले होते. ताशी १४० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला ९० किलोच्या घरात जातो आणि उतरत्या छतावर तो ओढून वर उचलतो. पत्रे घालायचे तर वासे भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी बांधा, पर्लिन वाशांना बांधा, कडेच्या ओळींत स्क्रू दाट ठेवा. एवढे करून वर उष्णता आणि पावसाचा आवाज सोसायचा आहे. वासे चांगले असतील तर मी कौलेच ठेवीन.

पत्र्याची पडवी

इथे बहुतेक वेळा पत्रा चांगला असतो, स्क्रूखालचे रबरी वॉशर उन्हाने कडक होऊन चिरलेले असतात. जुने स्क्रू काढून एक माप मोठे नवे स्क्रू वॉशरसह घालणे हीच दुरुस्ती. पांढरी भुकटी म्हणजे जस्ताचा थर झिजतो आहे. तांबडा गंज म्हणजे तो संपला. पत्र्यांच्या आच्छादनात, दोन पत्रे एकमेकांवर येतात तिथे, आधी गंजते, म्हणून एक पत्रा उचलून आत पाहा. आरपार भोके पडली असतील तर तो पत्रा बदला. डांबराचे ठिगळ खाली पाणी धरून ठेवते.

पत्रे सिमेंटचे आणि जुने असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरून चाला. ते कापू, घासू, छिद्र पाडू किंवा जोराच्या पाण्याने धुऊ नका. त्याचे तंतू श्वासातून गेले तर कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पहिल्या गटात नोंदवलेले आहे. ते काढायचे असतील तर ओले करून, अखंड, प्रशिक्षित माणसांकडून. आणि त्यांवर कधीही पाय ठेवू नका. ठिसूळ पत्रा फुटून माणसे खाली पडून मरतात.

तुमच्यासाठी क्रम

खर्चाची तुलना करताना नुसते आजचे आकडे समोरासमोर मांडू नका. प्रत्येक उपाय किती वर्षे चालेल त्याने भागा. उघड्यावरचे ॲक्रिलिकचे लेप ३ ते ५ वर्षे टिकतात, नीट लावलेली बिटुमेनची पट्टी १० ते १५. त्यात परांची, राडारोडा उचलणे आणि आतला रंग पुन्हा काढण्याचा खर्च मिळवा. स्वस्त लेप पुष्कळदा इथेच महाग पडतो. हमी मागताना ती नुसत्या मालाची की मजुरीसकट, आणि गळाल्यावर शोधायचा खर्च कुणाचा, हे लिहून घ्या.

आता, पावसाळा तोंडावर असेल तर काहीही पाडू नका. उघड्या सळईच्या खोलीत टेकू लावा, गच्चीवरचे पाइप साफ करा, ताडपत्री अंथरून कडा नीट दाबा आणि हा पाऊस काढा. या काळात कोणत्या पावसात, कोणत्या वाऱ्यात, किती वेळाने कुठे ओल आली याची तारखेसह नोंद ठेवा. इंजिनिअरला ती फार उपयोगी पडते. पाऊस ओसरला की स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून खडूचा नकाशा, सळईची मापे, फिनॉल्फ्थॅलिन आणि क्लोराइड चाचणी एवढे करून घ्या. तपासणारा आणि काम करणारा एकच नको. अहवालात स्लॅब दुरुस्तीयोग्य निघाला तर क्रम असा: टेकू, जुना कोबा हलक्या हत्याराने उतरवणे, खालून सळयांची दुरुस्ती, मग वरचा उतार आणि थर, पाणी उभे करून चाचणी, आणि शेवटी आतला गिलावा-रंग. कोबा उतरला की स्लॅबवरचे ओझे कमी होते, म्हणून सळयांचे काम त्यानंतर. टाकी किंवा सौर पॅनल बसवायचे असतील तर त्यांचे चबुतरे नव्या थराच्या आधीच बांधून घ्या.

कौलांची शाकारणी मात्र स्लॅबचे काम पूर्ण संपल्यावरच ठेवा. गच्चीवरून राडारोडा उतरवताना आणि मजुरांच्या वावरात कौले हमखास फुटतात.